नळीवरचे नाव आणि नळीतला पदार्थ

बराच काळ पडून राहिलेली ॲस्पिरिनची बाटली उघडली, की कधीकधी व्हिनेगरसारखा आंबट वास नाकात शिरतो. हवेतल्या ओलाव्याने ॲस्पिरिनच्या रेणूचा एक तुकडा तोडलेला असतो आणि त्यातून सॅलिसिलिक आम्ल व ॲसिटिक आम्ल तयार झालेले असते. वास येतो तो या दुसऱ्या आम्लाचा. बाटलीवरचे लेबल मात्र होते तसेच असते. औषध-संशोधनाच्या प्रयोगशाळेत हीच गोष्ट एकाच वेळी हजारो नळ्यांमध्ये घडू शकते. तिथे असा सूचक वासही येत नाही, कारण एकेका नळीतला पदार्थ मिलिग्रॅमच्या अंशाएवढा असतो आणि तोही द्रावकात विरघळलेला. नळी बंद, लेबल शाबूत, संगणकातली नोंद चोख. आत काय आहे, ते मात्र गृहीत धरलेले.

नव्या औषधाचा शोध पुष्कळदा संयुगांच्या एखाद्या मोठ्या संग्रहापासून सुरू होतो. बड्या औषध कंपन्यांच्या संग्रहांत दहा लाखांहून अधिक संयुगे असतात. त्यांतली काही गेल्या महिन्यात तयार झालेली असतात, तर काही कित्येक दशकांपूर्वी अशा रसायनशास्त्रज्ञाने बनवलेली असतात, जो केव्हाच निवृत्त झालेला आहे. बहुतेक संग्रहांत संयुगाची भुकटी डायमिथाइल सल्फॉक्साइड, म्हणजे डीएमएसओ, या द्रावकात विरघळवून १० मिलिमोलर संहतीचे, म्हणजे लिटरमागे १० मिलिमोल इतक्या दाटपणाचे, द्रावण करून ठेवतात. शंभर मायक्रोलिटर द्रावण म्हणजे ४०० रेणुभाराच्या संयुगाचे अवघे ०.४ मिलिग्रॅम. चाचणीच्या वेळी ३८४ किंवा १,५३६ खळग्यांच्या प्लेटमध्ये या द्रावणाचे काही नॅनोलिटर सोडले जातात आणि मग त्या खळग्यातल्या प्रथिनाचे किंवा पेशींचे काय होते ते मोजले जाते. ५० मायक्रोलिटरच्या खळग्यात ५० नॅनोलिटर द्रावण सोडले, तर संयुगाची संहती हजारपटीने उतरून १० मायक्रोमोलर झाली असे आपण धरून चालतो. या 'धरून चालतो' मध्ये बरेच काही दडलेले असते. यंत्राने मोजलेले उत्तर त्या क्षणी खळग्यात पडलेल्या पदार्थाविषयी असते, पण आपण ते लेबलवरच्या नावापुढे लिहितो.

प्रथम डीएमएसओकडेच पाहू, कारण बहुतेक तक्रारींचा उगम तिथे आहे. तेलकट असोत वा क्षारांसारखी असोत, हे द्रावक असंख्य संयुगांना सामावून घेते, पाण्यात सहज मिसळते, लवकर उडून जात नाही आणि अल्प प्रमाणात पेशींना फारसे बाधत नाही. इतके गुण एका द्रावकात मिळणे दुर्मीळ, म्हणून त्याचे दोन दोष सगळे जण सोसतात. एक म्हणजे ते १८.५ अंश सेल्सिअसलाच गोठते. वातानुकूलित खोलीत थंडी थोडी वाढली, तरी त्याचे स्फटिक धरू लागतात. दुसरा दोष असा, की ते हवेतला ओलावा अधाशासारखे ओढून घेते. एखाद्या व्यवहाराचा संशय आला, की 'कुठेतरी पाणी मुरते आहे' असे आपण म्हणतो. संयुगांच्या संग्रहाबाबत हे वाक्य अक्षरशः खरे ठरते.

उणे २० अंशांवरच्या शीतकपाटातून एक नळी बाहेर काढली, असे समजा. आत पांढरट, अपारदर्शक गोळा गोठलेला आहे. नळी बाहेर येताच तिच्या भिंतींवर दव जमू लागते. काम करणाऱ्याला घाई आहे, म्हणून नळी खोलीच्या तापमानाला येण्याआधीच तो झाकण काढतो आणि दव आता बाहेरच्या भिंतीपुरते न राहता आतल्या थंड पृष्ठभागावरही बसते. गोळा वितळतो, लागेल तेवढे द्रावण काढले जाते, झाकण बसते आणि आत शिरलेले पाणी आतच राहते. वर्षभरात हे दहा वेळा घडले, तरी नुसत्या डोळ्यांना काहीच दिसत नाही, कारण कोरडे डीएमएसओ आणि ओले डीएमएसओ दोन्ही सारखेच रंगहीन असतात.

पाण्यामुळे आकारमान १० टक्क्यांनी वाढले, तर १० मिलिमोलरचे द्रावण सुमारे ९.१ मिलिमोलर होते. हा फरक खरे तर क्षम्य म्हणावा लागेल, कारण जैविक चाचण्यांचा स्वतःचा चढउतार बहुधा त्याहून मोठा असतो. खरी अडचण विद्राव्यतेची आहे. औषधासारखी पुष्कळ संयुगे पाण्याला तोंड लावत नाहीत. कोरड्या डीएमएसओत ती मुकाट्याने विरघळून राहतात, पण त्यात पाणी वाढत गेले, की साका होऊन तळाशी बसू लागतात. गोठण्याची क्रियाही याला हातभार लावते. द्रावण गोठताना आधी द्रावकाचे स्फटिक धरतात आणि विरघळलेले संयुग उरलेल्या थोड्याशा द्रवात ढकलले जाते. तिथे त्याची संहती वाढत जाते आणि एका मर्यादेनंतर तेही बाहेर पडते. द्रावण वितळल्यावर ते परत विरघळेलच असे नाही. मूळची भुकटी पुष्कळदा अस्फटिकी असते आणि सहज विरघळते. साक्याच्या रूपाने बाहेर पडलेले संयुग मात्र व्यवस्थित रचलेल्या स्फटिकाचे रूप घेऊ शकते आणि असा स्फटिक द्रावकाला सहजी दाद देत नाही. अशी नळी उजेडाकडे तिरकी धरली, तर तळाशी धुळीच्या पापुद्र्यासारखे काही दिसते, कधी तेही दिसत नाही. पिपेट वरचे स्वच्छ द्रव उचलते. लेबल १० मिलिमोलर म्हणते, उचललेल्या द्रवात कदाचित दोनच असतात.

साका झालेला नसला, तरी नुकत्याच वितळलेल्या नळीत संहती वर-खाली सारखी नसते. ती ढवळली नाही, तर एकाच नळीतून सकाळी आणि दुपारी घेतलेले दोन नमुने वेगळी उत्तरे देऊ शकतात. हे सांगण्यासारखे आहे का, असे वाटेल इतकी ही गोष्ट साधी आहे. पण स्वयंचलित यंत्रांच्या रांगेत ढवळण्याची पायरी वेळ वाचवण्यासाठी सर्वांत आधी गाळली जाते.

हे नुकसान किती होते? २००३ साली या विषयावर प्रसिद्ध झालेले काही अभ्यास आजही आवर्जून सांगितले जातात. एका अभ्यासात डीएमएसओतली द्रावणे खोलीच्या तापमानाला ठेवून वेळोवेळी तपासली. नळीत अपेक्षित संयुग सापडण्याची शक्यता ३ महिन्यांनंतर ९२ टक्के, ६ महिन्यांनंतर ८३ टक्के आणि वर्षानंतर ५२ टक्के निघाली. त्याच गटाच्या दुसऱ्या कामात गोठवणे-वितळवणे वारंवार केल्याने संयुगे घटत जातात असे दिसले. उलट त्याच वर्षीच्या आणखी एका अभ्यासात ११ वेळा गोठवून वितळवल्यानंतरही लक्षणीय घट आढळली नाही. मात्र ऑक्सिजनपेक्षा पाणी अधिक घातक ठरते आणि काचेची कुपी व पॉलिप्रॉपिलीनची कुपी यांत फरक पडत नाही, असे त्यात दिसून आले. हे निष्कर्ष परस्परविरोधी वाटले, तरी मला त्यांत विसंगती दिसत नाही. संयुगांचा संच वेगळा, झाकणे वेगळी, भोवतालची आर्द्रता वेगळी, म्हटल्यावर आकडेही वेगळे येणार. म्हणूनच 'डीएमएसओत संयुग अमुक महिने टिकते' असे सरसकट विधान कोणी केले, तर त्याला लगेच विचारावे: कोणते संयुग आणि कोणत्या झाकणाखाली?

आतापर्यंत आपण रेणू शाबूत धरला. तो मोडतो तेव्हा गोष्ट आणखी गुंतागुंतीची होते. ॲस्पिरिनसारख्या एस्टर गट असलेल्या रेणूंचे पाण्यामुळे जलापघटन होते. अल्डिहाइडांचे हवेतल्या ऑक्सिजनने हळूहळू आम्लात रूपांतर होते. गंधक-हायड्रोजनचा थायॉल गट असलेले दोन रेणू एकमेकांना जोडले जाऊन डायसल्फाइड बनते आणि या कामात डीएमएसओ स्वतःच ऑक्सिडीकारकाची भूमिका बजावू शकते. रक्तदाबावरचे निफेडिपिन उजेडात झपाट्याने बिघडते, म्हणून त्याची द्रावणे तपकिरी काचेत किंवा फॉइलमध्ये गुंडाळून ठेवावी लागतात. थंडीचा फायदा मुख्यतः इथे होतो. तापमान १० अंशांनी उतरले, की अभिक्रियेचा वेग साधारण निम्मा होतो, हा ढोबळ नियम लावला, तर २५ अंशांवरून उणे २० अंशांवर गेल्यावर बिघाड बावीस-तेवीस पटींनी मंदावतो. अर्थात पाणी शिरलेल्या डीएमएसओचा गोठणबिंदू बराच खाली घसरतो आणि बरेच पाणी मुरलेली नळी उणे २० अंशांवरही पुरती गोठत नाही. आपल्याला गोठलेली वाटणारी नळी आत दलदलीसारखी असू शकते.

काही वेळा शत्रू बाहेरून यावा लागत नाही. कर्करोगावरच्या सिस्प्लॅटिन या औषधात प्लॅटिनमच्या अणूला क्लोरिनचे अणू जोडलेले असतात. डीएमएसओत विरघळवल्यावर डीएमएसओचा रेणू क्लोरिनला हुसकावून त्याची जागा घेतो आणि औषधाची परिणामकारकता नाहीशी होते. २०१४ साली कर्करोग-संशोधनाच्या एका प्रमुख नियतकालिकात हे सविस्तर दाखवले गेले आणि तोवर सिस्प्लॅटिन डीएमएसओत विरघळवून केलेले बरेच प्रयोग प्रसिद्ध होऊन गेलेले होते, असेही त्यातून पुढे आले. इथे कोणी निष्काळजीपणा केला नव्हता. सगळ्या संयुगांना जो द्रावक वापरतात, तोच याही संयुगाला वापरला, इतकेच.

मग भुकटीच्या रूपात ठेवले की झाले, असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि घनरूपातले संयुग द्रावणापेक्षा जास्त टिकते हे बहुधा खरेही आहे. पण भुकटीची खोड वजनात असते. शुद्धीकरणाच्या नेहमीच्या पद्धतीत ट्रायफ्लुओरोॲसिटिक आम्ल वापरले जाते आणि अल्कधर्मी संयुग पुष्कळदा त्याचा क्षार होऊन बाहेर येते. या आम्लाचा रेणुभार ११४. संयुगाचा रेणुभार ४०० असेल आणि क्षाराची नोंद राहून गेली असेल, तर तराजूवरच्या १ मिलिग्रॅममध्ये प्रत्यक्ष संयुग ०.७८ मिलिग्रॅमच असते. त्यात स्फटिकात अडकलेले पाणी, न उडालेला द्रावक आणि स्थितिक विद्युतभारामुळे काट्यावरून उडून कुपीच्या काठाला चिकटणारे कण यांची भर पडते. काही संयुगे भुकटी न होता डिंकासारखी चिकट राहतात. त्यांचे एक मिलिग्रॅम अचूक तोलणे म्हणजे निव्वळ कसरत असते.

भांडीही निर्दोष नसतात. २००८ साली सायन्स या नियतकालिकात कॅनडातल्या संशोधकांनी दाखवले, की प्रयोगशाळेतल्या एकदा वापरून टाकायच्या प्लॅस्टिकच्या नळ्यांतून आणि पिपेटला लावायच्या टोकांतून काही रसायने द्रावणात झिरपतात आणि त्यांतली काही जैविकदृष्ट्या सक्रिय असतात. मोनोअमाइन ऑक्सिडेज या एन्झाइमवरच्या त्यांच्या चाचण्या त्यामुळेच बिघडत होत्या. याच्या उलट, तेलकट स्वभावाची संयुगे पाणीदार द्रावणातून निघून प्लॅस्टिकच्या भिंतीला चिकटतात आणि खळग्यात पोहोचतच नाहीत. धातूंचे अंश हा आणखी एक छुपा पाहुणा. संयुग तयार करताना वापरलेले जस्त अत्यल्प प्रमाणात मागे राहिले, तरी काही प्रथिनांचे काम तेच थांबवते आणि श्रेय मात्र संयुगाला मिळते. २०१३ साली एका औषध कंपनीच्या संशोधकांनी चाचण्यांतून पुढे आलेल्या संयुगांबाबत हा प्रकार उघड केला आणि जस्ताला पकडून ठेवणारा पदार्थ घालून चाचणी पुन्हा करण्याचा सोपा उपायही सुचवला.

थोडीशी अशुद्धी एवढी का नडते, ते एका हिशेबावरून कळेल. एखादे संयुग पूर्णपणे निष्क्रिय आहे, पण त्यात १ टक्का अशी अशुद्धी आहे जी १० नॅनोमोलर संहतीलाच एन्झाइमची निम्मी क्रिया रोखते. चाचणीत ते निष्क्रिय संयुग १ मायक्रोमोलरला, म्हणजे १,००० नॅनोमोलरला, काम करताना दिसेल आणि संशोधनाच्या पहिल्या टप्प्यात तेवढी क्रिया उत्साह वाटण्याजोगी मानली जाते. म्हणजे ९९ टक्के शुद्ध नमुनाही दिशाभूल करू शकतो. संयुग चाचणीसाठी वापरायचे तर ते किमान ९५ टक्के शुद्ध असावे, अशी औषधी रसायनशास्त्रातल्या प्रमुख नियतकालिकांची अपेक्षा असते. अपेक्षा रास्त आहे, पण हा आकडा म्हणजे अभयदान नव्हे.

तरीही अशी खोटी आशा लावणारी संयुगे शेवटी पकडली जातात. आशादायक संयुग दिसले, की कोणीतरी ते नव्याने बनवते, ताज्या भुकटीचे ताजे द्रावण करते आणि चाचणी पुन्हा लावते. क्रिया नाहीशी झाली, की पितळ उघडे पडते. काही महिने आणि काही पैसे वाया जातात, पण चूक चूक म्हणून नोंदली जाते. मला जास्त बोचते ते याच्या उलटचे. संयुग मुळात चांगले होते, पण ते तळाशी साक्यात बसले होते, किंवा त्याचा एस्टर केव्हाच तुटला होता, किंवा ते प्लॅस्टिकला चिकटून राहिले. त्याच्या नावापुढे 'निष्क्रिय' असा शेरा पडतो. लाखो निष्क्रिय संयुगांपैकी एकेक काढून पुन्हा कोण तपासणार? ही चूक कोणाच्याही हिशेबात येत नाही, कारण ती चूक आहे हे कळण्याचा प्रसंगच येत नाही.

तपासणीसाठी सर्वाधिक वापर होतो तो द्रव-वर्णलेखन आणि वस्तुमान-वर्णपटमापन यांच्या जोडीचा. पहिले यंत्र मिश्रणातले घटक वेगळे करते, दुसरे त्यांचे वस्तुमान सांगते आणि काही मिनिटांत कळते, की अपेक्षित वस्तुमानाचे काही नळीत आहे का आणि त्याच्या सोबतीला आणखी काय आहे. पण या जोडीची नजर ठरावीक गोष्टींवरच पडते. अतिनील प्रकाश न शोषणारी अशुद्धी, पाणी, अजैविक क्षार आणि धातू तिच्या टक्केवारीत धरले जात नाहीत. म्हणून '९८ टक्के शुद्ध' या अहवालाचा अर्थ 'दिसणाऱ्या गोष्टींपैकी ९८ टक्के' असा घ्यावा. समघटक, म्हणजे तेच अणू वेगळ्या रचनेत जोडलेले सारख्या वस्तुमानाचे रेणू, हेही तिला सहज चकवतात. रक्ताच्या कर्करोगावरच्या बोसुटिनिबच्या नावाखाली काही विक्रेत्यांकडून प्रत्यक्षात त्याचा एक समघटक विकला जात होता. एका वलयावर क्लोरिन आणि मेथॉक्सी गट वेगळ्या जागी बसलेले, वस्तुमान मात्र तेच. २०१२ च्या सुमारास हे लक्षात येईपर्यंत अनेक प्रयोगशाळांनी तो नमुना बोसुटिनिब समजूनच वापरला होता. साठवणुकीचा यात दोष नव्हता, पण लेबलवर किती विसंबावे याचे हे ठसठशीत उदाहरण आहे.

चांगले संग्रह आता ही जोखीम बरीच कमी करतात. एकाच मोठ्या नळीला पुन्हा पुन्हा वितळवण्याऐवजी द्रावण आधीच एकेका वापरापुरत्या छोट्या नळ्यांत वाटून ठेवले जाते. प्रत्येक नळीच्या तळाशी द्विमितीय बारकोड असतो आणि यांत्रिक हात शुष्क हवा किंवा नायट्रोजन भरलेल्या कक्षातून हवी तेवढीच नळी काढतो. नळी कितीदा वितळली याची मोजदाद यंत्रच ठेवते. काही ठिकाणी याच्या अगदी विरुद्ध मार्गही धरलेला आढळतो: डीएमएसओत जाणूनबुजून १० टक्के पाणी मिसळायचे आणि ४ अंशांवर द्रावण द्रवरूपातच ठेवायचे. पाणी तसेही शिरणारच, तर ते ठरावीक प्रमाणात आपणच घालावे आणि गोठण्या-वितळण्याची कटकट टाळावी, असा त्यामागचा विचार आहे. पाण्याने तुटणाऱ्या किंवा पाण्यात साका होणाऱ्या संयुगांना हा उपाय मानवत नाही. एक दोष दाबला की दुसरा वर येतो, आणि कोणता दोष परवडतो हे ज्याने त्याने आपल्या संयुगांकडे पाहून ठरवायचे असते. छोट्या प्रयोगशाळांना मात्र ही यंत्रसामग्री परवडत नाही. नळी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण न उघडणे, वापरण्यापूर्वी ढवळून उजेडात पाहणे आणि द्रावण केल्याची तारीख नळीवर लिहिणे, एवढ्याने त्यांचेही निम्मे काम होते.

शेवटची पायरी नळीतून खळग्यात जाण्याची. जुन्या पद्धतीत प्लॅस्टिकच्या टोकांनी द्रावण उचलून ते टप्प्याटप्प्याने विरल करत नेतात. दर टप्प्याला थोडे संयुग टोकाला चिकटते आणि ती चूक पुढच्या टप्प्यात जमा होत जाते. नव्या पद्धतीत ध्वनिलहरींच्या झटक्याने २.५ नॅनोलिटरचा थेंब कशालाही स्पर्श न होता थेट खळग्यात उडवला जातो. २०१३ साली प्लॉस वन या नियतकालिकात आलेल्या एका विश्लेषणात एकाच प्रथिनाविरुद्धची १४ संयुगे घेऊन, प्रथिनाची क्रिया निम्मी करायला किती संहती लागते याची दोन्ही पद्धतींनी मिळालेली मूल्ये शेजारी ठेवली होती. काही संयुगांत फरक किरकोळ होता, एका संयुगात तो शंभरपटीहून अधिक होता. संशोधकांनी पुढे दोन्ही संचांवरून, प्रथिनाला बसण्यासाठी रेणूत काय हवे हे सांगणारी संगणकीय प्रारूपे बांधली. ध्वनिलहरींच्या आकड्यांवरून बांधलेल्या प्रारूपात रेणूच्या तेलकट भागांना महत्त्व आले आणि ते प्रथिनाच्या स्फटिकरचनेशी जुळणारे होते. टोकांच्या आकड्यांवरून बांधलेल्या प्रारूपाला ते भाग दिसलेच नाहीत. आज अशीच प्रारूपे लाखो जुन्या मूल्यांवर शिकवली जात आहेत. ती मूल्ये ज्या माहितीकोशांतून येतात, त्यांत संयुगाचे नाव, प्रथिनाचे नाव आणि मोजलेला आकडा यांसाठी रकाने असतात. द्रावण किती जुने होते, कितीदा वितळले होते आणि थेंब कशाने सोडला होता, यांसाठी रकाना सहसा नसतो.